गाडीच्या पोटाखालचा दांडा



मला सांगितलं होतं, "ऑफिसचं सोडून काहीही बोल." म्हणून आज शाफ्टबद्दल बोलते. ट्रकच्या पोटाखाली गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत फिरणारा लांब दांडा आपण सगळ्यांनी पाहिलाय. मिशिगनमधल्या माझ्या २०१२ च्या मस्टँग जीटीलाही तो आहे. कंपनीतून ४१२ हॉर्सपॉवरची आलेली ही गाडी. मी तिला सुपरचार्जर बसवला (चाळिशी प्रत्येकाला वेगळी लागते!), आणि मूळ शाफ्ट बदलणं आलं.

तेवढ्यात माझा सतरा वर्षांचा मुलगा म्हणाला, "आई, पाव मैलाच्या शर्यतीत ही गाडी मी चालवणार." अठरा वर्षांखाली पालकांची सही लागते. शाफ्ट कुठला घ्यायचा, हा प्रश्न तिथून बदलला. जोरात फिरणारा शाफ्ट तुटला तर तो पायांखालची फरशी फाडून आत येऊ शकतो.

मुलाने 'हजार हॉर्सपॉवरपर्यंत चालेल' असं लिहिलेला कार्बन फायबरचा शाफ्ट निवडला होता. पण शाफ्टला हॉर्सपॉवर कळत नाही, त्याला पीळ कळतो. मूळ इंजिनाचा ५२९ न्यूटन-मीटर टॉर्क पहिल्या गिअरमध्ये ३.६६ पट होतो, म्हणजे १,९०० च्या वर. सुपरचार्जरनंतर आणखी जास्त. चांगले शाफ्ट एवढं सोसतात. मला काळजी होती वेगाची.

प्रत्येक शाफ्टचा एक वेग असा असतो, की तिथे तो उडी मारायच्या दोरीसारखा मधोमध फुगायला लागतो. लांबी दुप्पट केली तर ही मर्यादा चौथ्या हिश्शावर येते. व्यास वाढवला तर त्या प्रमाणात वाढते. मूळ शाफ्ट दोन तुकड्यांचा आणि जड, म्हणून मी कंपनीला नावं ठेवत होते. ते दोन तुकडे याच कारणासाठी होते, हे हिशेब मांडल्यावर कळलं. मेकॅनिकलची पदवी आणि वीस वर्षं सॉफ्टवेअर, दोन्हींची लाज वाटली.

एकसंध शाफ्ट घेतला की ती लांबी परत येते. अ‍ॅल्युमिनियमचा जाड नळीचा शाफ्ट हलका राहून ती पेलतो. कार्बनची मर्यादा आणखी वर, पण किंमतही तशीच, आणि खडा लागून कार्बनला खोलवर ओरखडा गेला तर जपावं लागतं. शर्यत चौथ्या गिअरमध्ये संपते. इंजिन ७,००० फेऱ्यांवर असलं तरी गुणोत्तर १.३२, म्हणजे शाफ्ट ५,३०० वर. मी विक्रेत्यांना एकच विचारलं: माझ्या लांबीला तुमच्या शाफ्टची मर्यादा किती? एकाने पुन्हा हॉर्सपॉवरच सांगितली. तो बाद.

साडेतीन इंची अ‍ॅल्युमिनियमचा घेतला. वाचलेल्या पैशांतून पुढच्या सांध्याजवळ शाफ्टभोवती पोलादी कडं बसवलं. तुटलाच तर टोक खाली पडू नये, वर येऊ नये. मुलगा हिरमुसला. कडं कुणाला दिसत नाही ना!

मग सही केली.

तो पहिली फेरी मारून परत आला, तेव्हा मी आधी गाडीखाली वाकून शाफ्ट पाहिला आणि नंतर त्याच्याकडे. हे त्याने अजून माफ केलेलं नाही.