ज्ञानदान आणि पडद्यावरची पाठशाळा



मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि पालघर, बोईसर-तारापूर परिसरातील शाळांप्रमाणे पाठशाळांचीही दारे बंद झाली. त्या काळात झूम, गूगल मीट यांसारख्या साधनांनी ज्ञानप्रवाह खंडित होऊ दिला नाही. परगावी गेलेली मुलेही या मार्गाने पाठशाळेशी जोडलेली राहू शकतात.

मात्र या साधनांच्या मर्यादा ओळखणे अगत्याचे आहे. सर्वांनी एकत्र सूत्र म्हटल्यास आवाज मागेपुढे पोहोचतो. म्हणून शिक्षकांनी एकेकाला म्हणावयास लावावे. झूमची मोफत बैठक ४० मिनिटांत संपते, तर सामायिक ४८ मिनिटांचे असते आणि त्यात मोबाइल वर्ज्यच असतो. साधू-साध्वी भगवंतही सामान्यतः विद्युत् साधने वापरीत नाहीत. तात्पर्य, अर्थ आणि उच्चार पडद्यावर शिकविता येतील; आचरण मात्र उपाश्रयातच शिकावे लागेल.

दुसरा प्रश्न करुणेचा आहे. जव्हार, मोखाड्याच्या डोंगरपाड्यांत अनेक घरी मोबाइल नव्हता, कुठे रेंज नव्हती. अशाच मुलांसाठी २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. कपाटात पडून असलेला चालू स्थितीतील मोबाइल हाही परिग्रहच होय. तो गरजू विद्यार्थ्याच्या हाती गेल्यास अपरिग्रह आणि ज्ञानदान दोन्ही साधतील. सुवर्ण महोत्सवी वर्षाचा याहून उचित संकल्प कोणता?

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.