पक्की शाई आणि पाण्यातलं पीयू

(वाई येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



प्राज्ञपाठशाळेच्या गावात पोथीपासूनच सुरुवात करतो. जुने लेखनिक दोन प्रकारची शाई जाणत, कच्ची आणि पक्की. काजळ डिंकाच्या पाण्यात खललं की कच्ची शाई. पानावर थेंब पडला की अक्षर पसरलंच. पोथीला पक्की शाई लागे आणि तिच्यात लाख असे. नुसत्या पाण्यात लाख कितीही उकळा, ती विरघळत नाही. पण त्याच पाण्यात टाकणखार टाकला की ती पाण्यात उतरते. मग गाळायचं, काजळ घालून खलायचं आणि बोरूने लिहायचं. वाळलेलं अक्षर ओल्या बोटाला सहसा दाद देत नाही.

लाखेच्या रेणूंवर आम्लाचे गट असतात. टाकणखाराच्या संगतीत त्यांच्यावर ऋणभार येतो आणि भार आला की पाणी त्यांना सामावून घेतं. आज ज्या पदार्थाबद्दल बोलायला आलोय, त्याला पाण्यात उतरवण्याचं कोडं याच युक्तीने सुटलं.

पॉलियुरेथेन. विश्वकोशाच्या भाषेत हे एक बहुवारिक, म्हणजे पॉलिमर. सुतारांच्या तोंडी नुसतं 'पीयू'. गादीतला फोम, बुटाचा तळ, दारावरचं चकचकीत पॉलिश, सगळीकडे तेच. 1937 साली जर्मनीत लेव्हरकुसेनला ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते बनवलं. एक द्रव पॉलिऑल, दुसरा आयसोसायनेट. दोन्ही एकत्र आले की लांब साखळ्या जुळत जातात.

आयसोसायनेटचं पाण्याशी मात्र हाडवैर. पाणी लागलं की ते त्याच्याशीच जुळतं आणि कार्बन डाय-ऑक्साइड सोडतं. गादीचा फोम फुगवायला हीच खोड कामी येते, पण पॉलिशच्या डब्यात ती घात करते. म्हणून पीयू वर्षानुवर्षं थिनरमध्येच राहिलं.

हे थिनर कुणाच्या छातीत जातं? नवं घर पाहायला जाल, तेव्हा पॉलिशवाल्या पोराकडे जरा बघा. धूळ बसू नये म्हणून खिडक्या बंद, तोंडाला रुमाल, हातात फवारणीची गन. रुमालाने थिनरची वाफ अडत नाही. आयसोसायनेटचे कण त्याहून वाईट. कामाच्या जागी जडणाऱ्या दम्याचं ते एक मोठं कारण मानलं जातं. एकदा शरीर बिथरलं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही धाप लागते. माझी या विषयातली सारी आस्था त्या पोरापाशी आहे.

1960च्या दशकात बायर कंपनीतल्या डीटर डीटेरिश यांनी पीयू थिनरऐवजी पाण्यात उतरवण्याच्या कामाचा पाया घातला. आज सर्रास वापरली जाणारी रीत अशी. साखळी बांधतानाच तिच्यात डायमिथिलॉल प्रोपिऑनिक आम्ल गुंफायचं. त्याचे दोन हात साखळीत अडकतात आणि आम्लाचा गट बाजूला मोकळा राहतो. साखळी पुरती वाढू न देता थांबवायची, टोकांना आयसोसायनेट ठेवायचं. मग ट्रायइथिल अमाइन हा अल्क घालायचा. हाच आपला टाकणखार! जोराने ढवळत पाणी मिसळलं की तो दाट, मधासारखा पदार्थ बारीक बारीक कणांत फुटतो. केसाच्या जाडीत हजारभर कण ओळीने बसावेत, इतके बारीक. प्रत्येकावर ऋणभार, म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत.

पण टोकाचं आयसोसायनेट आता पाण्यातच उभं आहे, त्याचं काय? इथे वेळेची शर्यत असते. लगेच दोन टोकांचं अमाइन घालतात. पाण्यापेक्षा कितीतरी आधी ते आयसोसायनेटला गाठतं आणि कणाच्या आत साखळ्या लांबवतं. हा टप्पा मला फार देखणा वाटतो.

पाण्यातल्या पीयूचा हा पेला पाहा. दूधच म्हणाल, पण दिव्यासमोर धरला की कडेला निळसर झाक दिसते. यात थोडं व्हिनेगर टाकतो... नासलं! आम्लाने कणांवरचा भार काढून घेतला. आमच्या भागात यापेक्षा मोठा वैरी म्हणजे बोअरचं पाणी. एका कारखान्यात मी स्वतः घट्ट झालेला माल बोअरच्या पाण्याने पातळ केला आणि अख्खं पिंप गुठळ्यांनी भरलं. जड पाण्यातल्या कॅल्शियमने कणांना एकमेकांना बांधलं होतं. तेव्हापासून क्षार काढलेल्या पाण्याशिवाय मी डब्याला हात लावत नाही.

लाकडावर मात्र हे मोडणं हवंच असतं. पाणी उडतं, कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतो आणि ट्रायइथिल अमाइनही बरंचसं उडून जातं. उसना घेतलेला भार परत गेला की पापुद्रा पाण्याला फारसा भीत नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. पावसाळ्यात हे वाळायला वेळ घेतं. पहिल्या हातात लाकडाचे तंतू उभे राहतात, घासून काढावे लागतात. काही डब्यांसोबत वेगळं हार्डनर मिळतं, त्यात पुन्हा आयसोसायनेट असतं. तिथे 'पाण्यातलं आहे' म्हणून मास्क काढणं घातक. आणि कित्येक वर्षं साखळीत गुंफायचं ते आम्ल विरघळवायला एन-मिथिल पायरोलिडोन वापरत, जे गर्भाला अपायकारक ठरलं.

आयसोसायनेटलाच रजा देता येईल का? मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत काजूच्या टरफलाच्या तेलापासून आयसोसायनेटविना पॉलियुरेथेन बनवून दाखवलंय. आपल्या कोकणातलं टरफल! प्रयोगशाळेतून ते सुताराच्या डब्यापर्यंत यावं, अशी माझी फार इच्छा आहे.

ही सागाची पट्टी गेल्या आठवड्यात रंगवली आहे. टेबलावर ठेवतो, शेजारी तांब्याभर पाणीही आहे. संपल्यावर पुढे या, पाणी ओता, बोटाने घासून बघा.