उचलून नको, वाट द्या

मी बचत गटांची सहयोगिनी. आज हप्ता, व्याज, कर्ज बाजूला ठेवू या. आज मुंबईच्या एका तरुणीबद्दल बोलायचंय. तिचं नाव विराली मोदी.

विराली अमेरिकेत वाढली. २००६ साली, शाळकरी वयात, मोठं आजारपण आलं आणि तिच्या पायांतली शक्ती गेली. तेव्हापासून ती व्हीलचेअर वापरते. पुढे ती मुंबईत राहायला आली. इथं रेल्वेच्या डब्याला पायऱ्या, दार अरुंद. व्हीलचेअर आत जाईना. मग हमालांनी तिला उचलून आत न्यायचं. त्या उचलण्यात नको तिथं हात लागले. एकदा नाही, तीनदा.

आपल्याला एसटीच्या गर्दीत कुणी मुद्दाम धक्का दिला, तर आपण कोपर मारतो, चार शब्द सुनावतो. पण जी दुसऱ्याच्या हातांवर आहे, तिनं काय करायचं? झटकलं तर खालीच पडायची.

विराली गप्प बसली नाही. २०१७ साली, पंचविशीत, तिनं रेल्वेत सोय करा अशी ऑनलाइन मागणी केली. लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्या. केरळात एर्नाकुलम स्थानकावर डब्याला लावायचा, हलवता येणारा रॅम्प आला. पण सगळं सुटलं असं नाही. २०२३ मध्ये तिचं स्वतःचं लग्न होतं. नोंदणी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सह्या घ्यायला कुणी खाली येईना. नवरीला लोकांनी उचलून वर नेलं. तिनं ते जाहीरपणे मांडलं, तेव्हा उपमुख्यमंत्र्यांनी माफी मागितली.

आपल्याकडे माया कमी नाही. "चल गं, आम्ही नेतो उचलून," असं आपण मनापासून म्हणतो. पण रोज कुणाला हाक मारायची? ज्या बाईला दुसऱ्यानं उचलावं लागतं, ती हळूहळू बाहेर पडणंच सोडते. रॅम्प अंगाला हात लावत नाही, उपकारही सांगत नाही.

आणि ही भीक नव्हे, हक्क आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ सालचा. नियम २०१७ मध्ये आले. त्यानंतर पाच वर्षांत सगळ्या सार्वजनिक इमारती दिव्यांगांना वापरता येतील अशा करायच्या होत्या. ती मुदत २०२२ मध्येच संपली.

रॅम्पचा हिशेब सोपा आहे. एक इंच उंचीला एक फूट लांबी. पायरी सहा इंच, तर रॅम्प सहा फूट. नुसता सिमेंटचा उतरता ढीग घातला, तर खुर्ची घसरते आणि ढकलणारीचीही दमछाक होते.

आता आपलं काम. या महिन्यात प्रत्येक गटानं तीन गोष्टी करा. बैठक तळमजल्यावर घ्या. वस्तीत घरात बसून राहिलेली दिव्यांग बहीण असेल, तर तिला आधी विचारा, "कुठं जायचंय आणि काय आड येतं?" मग रेशन दुकान, दवाखाना, बँक यांच्या पायऱ्या मोजा आणि अर्ज करा. नगरपालिका असो की ग्रामपंचायत, स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्याचा हिशेब विचारा.

अर्जावर पहिली सही त्या बहिणीची घ्या. तिच्याखाली आपल्या सगळ्यांच्या.