जरा सरकून घ्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



अमेरिकेत लेकीकडे जाऊन काय पाहिलेत, असे आपण विचारता. उंच इमारती पाहिल्याच. पण आज सांगावयाची आहे ती एका रात्रीच्या मुक्कामाची हकिकत.

तिकडे ॲपलाचियन डोंगरांतून एक पायवाट जाते. जॉर्जियापासून मेनपर्यंत १४ राज्ये, सुमारे ३,५०० किलोमीटर! १९३७ साली ती पुरी झाली. झाडांवर रंगवलेले पांढरे पट्टे पाहत चालावयाचे. १९५५ साली एमा गेटवुड नावाची ६७ वर्षांची, ११ मुलांची आई ही सबंध वाट एकटीने चालली. खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पायांत कापडी बूट. वाटेत काही घरांनी तिला आसरा दिला, काहींनी दार लावून घेतले. लेकीने हे सांगितले आणि मलाही चेव आला!

व्हर्जिनियात आम्ही दोघी एक दिवस १४ किलोमीटर चाललो. पाठीवर बोजा, चढावर धाप, टाचेला फोड, आणि दुपारपासून पाऊस. संध्याकाळी निवारा दिसला तेव्हा मी हातच जोडले. निवारा म्हणजे तीन भिंती, वर छप्पर, चौथी बाजू उघडी आणि खाली फळ्यांची जमीन. असे अडीचशेहून अधिक निवारे त्या वाटेवर आहेत. येईल त्याने पथारी पसरावी. आत सहाजण होते. एका मुलाने माझ्या फोडावर पट्टी लावून दिली. मी लेकीच्या चिमुकल्या स्टोव्हवर मेतकूट-भात केला, तो सर्वांनी चाखला. कोणी कोणाचे आडनाव विचारले नाही. अस्वलांच्या भयाने अन्नाच्या पिशव्या उंच टांगल्या आणि आडवे झालो.

अंधार पडल्यावर एक मुलगी आली, नखशिखांत भिजलेली. आता खरे सांगते, मी झोपेचे सोंग घेतले. वाटले, जागा आहे कोठे? पलीकडच्या वयस्क बाई उठल्या, त्यांनी आपले अंथरूण ओढून घेतले. मग एकेकजण सरकला. शेवटी मीही सरकले. मुलगी माझ्याच कुशीला निजली, कुडकुडत होती. मी माझी शाल तिच्या अंगावर घातली, पण मला बराच वेळ झोप आली नाही.

आपल्या लोकलच्या बायकांच्या डब्यात तिघींच्या बाकावर चौथीला ‘या, बसा’ म्हणत मी ३० वर्षे नोकरीस गेले. आणि तेथे स्वतःची पथारी ऐसपैस पडताच ते सारे विसरले!

भगिनींनो, रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतींतील बायकांना मंडळात घ्यावे की नाही, ही चर्चा काही महिने चालली आहे. ‘आपली जागा अपुरी आहे’ असे म्हणणाऱ्यांत मीही होते. ते म्हणणे मी आज मागे घेते. येत्या मंगळवारी दोन सतरंज्या जास्त अंथरू आणि जरा सरकून बसू.