तिश्री : सातव्या महिन्याचें नांव



ज्युबिलीच्या प्रसंगीं आम्हीं बोलण्यास एका महिन्याचें नांव निवडलें, याचें आपणांस नवल वाटेल. परंतु ज्युबिली हा शब्द ज्या इब्री ‘योबेल’ शब्दावरून आला, त्याचा अर्थ मेंढ्याचें शिंग असा करितात. आणि पन्नासाव्या वर्षाचें शिंग सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशीं फुंकावें, अशी लेवीय पुस्तकाची आज्ञा आहे. तो सातवा महिना म्हणजे तिश्री.

हें नांव जुन्या करारांत शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. शलमोन राजानें मंदिराचें समर्पण केलें तेव्हां या महिन्यास एथानीम म्हणत. उन्हाळ्याअखेर इतर ओढे आटले तरी जे वाहत राहतात, त्यांचा हा महिना. पुढें इ. स. पूर्व ५८७ च्या सुमारास यरुशलेम पडलें, मंदिर जळालें, लोक बंदिवान होऊन बाबेलास गेले. परत आले ते तेथील महिन्यांचीं नांवें घेऊन. यरुशलेमी तालमूद ही उसनवारी मोकळेपणानें सांगतो. तिश्री हें बाबेली ‘तशरीतु’, अर्थ, ‘आरंभ’.

महिना सातवा आणि नांव आरंभ! बाबेलांतहि वर्ष वसंतांतच लागे व तशरीतु सातवाच असे. त्यापासून वर्षाचें दुसरें अर्ध सुरू होई. पालेस्तिनांतील शेतकऱ्यास मात्र हें नांव अधिकच पटलें असावें, असें आम्हांस वाटतें. शरदांत फळें घरीं येतात, मग पहिला पाऊस पडून जमीन नांगरास वश होते. गेजेर येथें १९०८ सालीं सांपडलेल्या चुनखडीच्या पाटीवर शेतीचे महिने कोरले आहेत. तिचा आरंभ फळसंग्रहाच्या दोन महिन्यांनीं होतो. योबेलाचें शिंग वाजे तें या सांध्यावर. कर्जापायीं वडिलार्जित जमीन गमावलेला मनुष्य त्या दिवशीं आपल्या शेताचा पुन्हां धनी व्हावयाचा, दास मोकळा व्हावयाचा. अशा मनुष्यास सातवा महिना आरंभाचाच नव्हे काय?

परदेशीं राहतां तेथील शब्द घेणें, पण दिवस आपला राखणें, हें आमच्या कोंकणांतहि घडलें. येथील बेने इस्राएल लोक तिश्रीच्या पहिल्या दिवसास ‘नव्याचा सण’ म्हणत. आणि दहाव्या दिवशीं उपास करून, दारें लावून घरांत बसत, म्हणून त्यास ‘दारफाळणीचा सण’.