हायवेचं गिऱ्हाईक तुटलं तेव्हा



पुणे-सोलापूर हायवेवरचं एक हॉटेल आमच्याकडून कडक भाकरी घ्यायचं, रोज १००. एक दिवस निरोप आला, "ताई, उद्यापासून नको." कारण सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसासाठीचं पीठही दळून आणलेलं होतं.

आठवडाभर आम्ही एकमेकींवरच चिडलो. तुझ्या भाकरी जाड, तुझ्या करपलेल्या. खरं सांगायचं तर हिशोबाची वही उघडायची भीती वाटत होती. शेवटी बैठकीत उघडली. ज्वारी, दळण, जळण, सगळं लिहिलेलं. आमची मजुरी कुठंच नाही! म्हणजे गिऱ्हाईक होतं तेव्हाही आम्ही फुकटच राबत होतो.

मग तासाला किती भाकरी होतात ते घड्याळ लावून मोजलं, मजुरी धरली, नवा भाव काढला. दोन हॉटेलांनी ऐकूनच हात जोडले. पण कडक भाकरी आठ-पंधरा दिवस टिकते, ती प्रवासाची शिदोरी. आणि टेंभुर्णीत तर पंढरपूर, अकलूज, कुर्डुवाडीचे रस्ते फुटतात. १०० रुपये भरून अन्न परवान्याची नोंदणी केली, पाकिटं केली, शेंगा चटणीची पुडी जोडली आणि एसटी स्टँडजवळ बसलो.

अजून रोज १०० खपत नाहीत. चाळीस, कधी साठ. एकादशीच्या आधी जास्त.

परवा तेच हॉटेल पुन्हा विचारत आलं. नवा भाव सांगितला, "बघतो" म्हणाले. हो म्हणाले तर निम्म्याच द्यायच्या, असं आमचं ठरलंय. आमच्यातल्या एक आजी मात्र म्हणतात, एकही देऊ नका.