बिघाड कुठल्या बाजूला?

एक गोष्ट आधीच कबूल करते. एकतीस वर्षे मी शाळेत विज्ञान शिकवले. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे फळ्यावर किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. आणि घरातले इंटरनेट अडले तेव्हा मी एका दमात चार गोष्टी बदलल्या, वर एका मुलाची तक्रारही केली.

साल २०२०, महिना जूनचा. मुलगा आणि सूनबाई मार्चमध्येच पुण्याहून साताऱ्याला आमच्याकडे आले होते. दोघांचे ऑफिस घरातून, नातीची शाळा मोबाइलवर, आणि आमच्या ह्यांना संध्याकाळी कीर्तन ऐकायचे. या सगळ्यांना मिळून इंटरनेटची जोडणी एकच. आमचे घर जुने, भिंती हातभर जाडीच्या दगडाच्या. ओसरीवरच्या राउटरचे वायफाय मागच्या खोलीत पोचेना. माळ्यावर आधीच्या जोडणीचा एक राउटर पडून होता. तो पुसला, नव्या राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत वायर ओढली आणि जोडून टाकला. मागे वायफायच्या सगळ्या दांड्या दिसू लागल्या. घरात माझे कौतुक झाले.

चार दिवस ठीक गेले. मग एका रात्री पावसात वीज गेली, पहाटे आली, आणि सकाळी मुलाचा लॅपटॉप बंद. म्हणजे वायफाय दिसतेय, दांड्या पूर्ण, पण एक पान उघडेल तर शपथ. गंमत अशी, की शेजारीच बसलेल्या नातीचा वर्ग व्यवस्थित चालू! कंपनीला फोन केला. त्यांनी सांगितले, राउटर बंद करून चालू करा. केला. आता मुलाचे चालू झाले आणि नातीचे बंद. पुन्हा तेच केले, तर सूनबाईंचे गेले. नातीची त्या दिवशी गैरहजेरी लागली. ती रडली आणि माझा पारा चढला.

दुपारी कंपनीचा मुलगा आला. तोंडाला मास्क, अंगावर भिजलेला रेनकोट. त्याने फायबरमधला प्रकाश यंत्राने मोजला, राउटरवरचा हिरवा दिवा दाखवला आणि म्हणाला, ‘‘काकू, लाइन चांगली आहे. घरातलंच काहीतरी आहे.’’ मला ते टाळाटाळीचे वाटले. मी त्याला नको ते बोलले आणि तो गेल्यावर तक्रार नोंदवली. दहा मिनिटे त्याला खोलीभर पाहू दिले असते, तर मागचा राउटर त्याच्या नजरेला पडला असता. मी त्याला ओसरीच्या आत येऊच दिले नव्हते. दिवसच तसे होते.

रात्री सगळे झोपल्यावर वही घेऊन बसले. आता थोडे समजून घ्या. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. पत्त्याची जुनी पद्धत जेमतेम ४२९ कोटी पत्त्यांची, ते जगाला पुरणार कसे? म्हणून कंपनी घराला बहुधा एकच पत्ता देते आणि राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला आतला वेगळा पत्ता वाटतो. चाळीचा पत्ता एक, खोल्यांचे क्रमांक निराळे, तसे. ही वाटणी करणाऱ्या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. यंत्र चालू झाले की ते हाक मारते, ‘‘मला कोणी पत्ता देता का?’’ आणि बहुधा जो आधी उत्तर देईल त्याचे ऐकते. पत्त्याबरोबर बाहेर जाण्याचे दार कोणते, हेही त्याला तिथेच कळते.

मी प्रत्येक मोबाइलच्या आणि लॅपटॉपच्या वायफाय सेटिंगमध्ये जाऊन पत्ता लिहून घेतला. जे चालत होते त्यांचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होणारे. जे बंद होते त्यांचे १९२.१६८.० ने. सगळेच्या सगळे! एका घरात दोन वाटणारे बसले होते. माझा माळ्यावरचा राउटरही पत्ते वाटत होता आणि ‘बाहेर जायचे दार मीच’ असे सांगत होता. त्याच्या दारामागे मात्र भिंत. पहिले चार दिवस सगळ्यांकडे नव्या राउटरने दिलेले जुनेच पत्ते होते, म्हणून काही कळले नाही. वीज आल्यावर म्हातारा लवकर जागा झाला, आणि नव्याला फायबरशी बोलणी जुळवायला दोन मिनिटे लागली. मी तो बंद-चालू करत होते तेव्हाही मधल्या वेळात हाच उत्तर देत होता. म्हणजे जो इलाज मी करत होते, त्यानेच दुखणे वाढत होते.

उपाय सोपा. जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याची पत्ते वाटण्याची सोय बंद केली, त्याला स्वतःला नव्याच्या ओळीतला पण कुणाला न दिलेला क्रमांक दिला आणि वायर होती तशीच ठेवली. मग सगळी यंत्रे एकदा वायफायवरून काढून पुन्हा जोडली. रात्रीचा दीड वाजला होता.

तुमच्या घरी असे झाले तर आधी राउटरवरचे दिवे बघा. लाल दिवा लुकलुकत असेल तर बहुधा फायबर तुटलेली, तिथे तुमचे काही चालत नाही. दिवा ठीक असेल तर यंत्राचा पत्ता बघा. १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला कोणीच पत्ता दिलेला नाही, त्याने स्वतःच घेतलाय. पत्ताही ठीक असेल, तर संगणकावरून ८.८.८.८ ला पिंग करा. उत्तर येते पण संकेतस्थळे उघडत नाहीत, तर नावावरून पत्ता शोधणारी व्यवस्था, म्हणजे डीएनएस, अडली आहे. आणि जे बघाल ते कागदावर लिहा, डोक्यात ठेवू नका.

सकाळी त्या मुलाला फोन केला. माफी कशी मागावी ते सुचेना, म्हणून राउटरचेच सांगत बसले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘‘काकू, ते राहू दे. तेवढी तक्रार बंद करा. उघडी राहिली की आमचे पैसे कापतात.’’

ती बंद करायला मला पाऊण तास फोनवर थांबावे लागले.